वरच्या मामांच्या छपरावरून

१० फेब्रुवारी, मंगळवार

तेरा नंबरच्या गाईचं वासरू गेलं. अडलं होतं. ह्यांनी प्रयत्न केला, पण वासराचं अंग कुठे वळलंय हे हाताला कळेना. मी गाडी काढून रस्त्याच्या वळणापर्यंत गेले, कारण आमच्या गोठ्यापासून जवळात जवळ फोन लागतो तो तिथेच, पाण्याच्या टाकीजवळ. जायला वीस मिनिटं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पाय दिसतायत की शेपूट?" मला माहीत नव्हतं. परत यायला वीस मिनिटं. तोवर संपलं होतं.

गाय बरी आहे. दूध काढलं. मग ही वही काढली, का ते सांगता येत नाही. कोणाला तरी सांगायचं होतं आणि घरात सगळ्यांना माहीतच होतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

खोऱ्यातल्या आम्ही सात गोठेवाल्यांनी मिळून नेटच्या कंपनीला अर्ज केला होता, तिचा माणूस आला. सगळे त्याला तारवाला म्हणायला लागले. तो म्हणतो, "अहो, ह्यात तार नाहीच." तरी तारवालाच.

दिवसभर दुर्बीण लावून फिरला. शेवटी आमच्या ओट्यावर बसून म्हणाला, "टॉवर डोंगराच्या पलीकडे. तुम्ही सगळे अलीकडे, खड्ड्यात. दोन्हीकडचं दिसतं असं एकच छप्पर आहे." आणि बोटाने वर दाखवलं.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ते छप्पर वरच्या मामांचं. ते कोणाचेच मामा नाहीत. माथ्यावर एकटे राहतात, चाळीस मेंढ्या आहेत, आणि खाली येतात ते वर्षातून दोनदा, लोकर विकायला आणि मीठ न्यायला.

"कोण जाणार विचारायला?" असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना एकदम आपापल्या गुरांची आठवण झाली. मी जाते म्हटलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

चालत दीड तास. गाडी अर्ध्यापर्यंतच जाते. मामा दारात कोकराला बाटलीने दूध पाजत होते. मी सगळं सांगितलं: डिश, डबा, टॉवर.

"माझ्या डोक्यावर कशाला तुमचं लोढणं?"

"डोक्यावर नाही, छपरावर."

हसले नाहीत. कोकराचं पोट हाताने चाचपून त्याला खाली सोडलं आणि आत गेले. दार लावलं नाही, पण या असंही म्हणाले नाहीत. थोडा वेळ उभी राहिले आणि उतरले.

२२ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा गेले. ह्या वेळी वासराचं सांगितलं. मुद्दाम नाही, बोलता बोलता निघालं. मामांनी बरेच प्रश्न विचारले. कितवं वेत? किती वेळ कळा देत होती? पाणी कधी फुटलं? मग छपराकडे पाहिलं.

"लावा," म्हणाले. "पण एक आहे. माझ्या छपरावरून काय जातं ते मला कळलं पाहिजे. दर रविवारी येऊन सांगायचं."

"मामा, तसं सगळं नाही सांगता यायचं. सात घरांचं—"

"सात घरांचं कशाला? तुझं सांग."

कबूल केलं. तुम्हालाही एक फोन घेऊन देऊ का, असं विचारलं. "मला कोण करणार आहे फोन?" म्हणाले.

५ मार्च, गुरुवार

लागलं. छपरावर डिश, शेजारी सौर पत्रा, आणि आत मामांच्या खोलीत भिंतीशी डबा. बोर्ड जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवला, कारण वरच्या भिंतीत खिळा जाईना, दगड आहे. तारवाल्याने मामांना एकच गोष्ट शिकवली. लाल दिवा लागला की प्लग काढायचा, तीस आकडे मोजायचे, परत लावायचा.

"तीसच का?" मामांनी विचारलं.

तारवाल्याने अवजारं पिशवीत भरायला घेतली.

मला कंपनीने वेगळी एक वही ठेवायला सांगितली आहे. नेट कधी गेलं, कधी आलं, त्याची. तक्रार करायची तर नोंद लागते. सात घरांच्या वतीने हे माझ्याच गळ्यात.

१० मार्च, मंगळवार

डॉक्टरबाई पहिल्यांदा पडद्यावर आल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता आमची वेळ ठरली. फोन धरून गोठाभर फिरले. त्यांनी एका गाईची कास दाबायला लावली, दुधाच्या पहिल्या धारा काळ्या ताटलीत काढायला लावल्या, गुठळ्या पाहिल्या आणि औषध सांगितलं. पूर्वी ह्या एका गोष्टीसाठी त्यांची वाट पाहण्यात चार दिवस जायचे.

सासूबाई खिडकीत बसून ऐकत होत्या. नंतर म्हणाल्या, "बाई दिसायला बरी आहे. पण घरात पसारा फार."

१५ मार्च, रविवार

वर गेले. मामांना आठवड्याची यादी वाचून दाखवली. ते बसून ऐकतात, मध्येच अडवतात. काळी ताटली का? गुठळी कशी होती, दह्यासारखी की दाण्यासारखी? त्यांना मंगळवार-शुक्रवार अकरा हे सांगितलं, तर खडूने डब्याच्या वर भिंतीवर लिहून ठेवलं. मी म्हटलं, लिहायची काय गरज? म्हणाले, "त्या वेळेला मी प्लगला हात लावणार नाही, लाल असो की हिरवा."

निघताना लोकरीचे हातमोजे दिले. डाव्याला अंगठा जरा मोठा झालाय.

२९ मार्च, रविवार

गेले. यादी मोठी होती. दुधाच्या गाडीवाल्यांना आता टाकीचं तापमान रोज आपोआप जातं, त्यामुळे गाडी येऊन परत जाणं बंद. खालच्या घरच्या मुलीने परीक्षेचा अर्ज घरून भरला. मामांना हे आवडलं. "माझ्या छपरावरून?" दोनदा विचारलं.

१२ एप्रिल, रविवार

वर गेले नाही. तीन गाई व्यायच्या, गवत कापणी. आता खाली सगळं घरबसल्या होतं हे खरं, पण वाचलेला वेळ जातो कुठे हे समजत नाही.

१९ एप्रिल, रविवार

गेले नाही.

२६ एप्रिल, रविवार

गेले नाही. हे म्हणाले, "मामा वाट बघत असतील." मी म्हटलं, मामांचं काय अडणार आहे, नेट तर व्यवस्थित चालू आहे.

३ मे, रविवार

गेले. मामांनी काही विचारलं नाही, इतके रविवार कुठे होतीस वगैरे. यादी ऐकली. पण प्रश्न कमी विचारले. डिशच्या मागे पक्षी घरटं बांधू पाहतात, ते शिडी लावून दर दोन-तीन दिवसांनी काढतात म्हणे. "नाहीतर तुमचं अडायचं." मी म्हटलं, कंपनीला सांगते. सांगायचं राहिलं आहे, उद्या सांगेन.

चहा देताना कप बशीत वाजत होता. खोली गार असते त्यांची.

२० मे, बुधवार

आज वैताग. नोंदवहीतून उतरवते: ४.१० बंद. ४.३५ चालू. ४.४० बंद. ५.०५ चालू. ५.१० बंद. संध्याकाळभर हाच खेळ. कंपनीला फोन करायचा तर नेट चालू असेल त्या पाच मिनिटांत. तिकडची मुलगी म्हणाली, "तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे." आणि बंद.

कुठेतरी जोड सैल असणार.

२१ मे, गुरुवार

तेच. पाच मिनिटं चालू, अर्धा तास बंद. पाच मिनिटं चालू, अर्धा तास बंद. दुपारी जरा जास्त वेळ बंद होतं. सातही घरांतून माणसं येऊन मलाच विचारतात, जणू मीच तिकडे बसून बटण दाबते आहे.

हे म्हणाले, "वर जाऊन बघून येऊ का?"

मी म्हटलं, "मामा आहेत ना तिथे. प्लग काढायचा, तीस मोजायचे, त्यांना येतं." खरं तर मला मामांचाच राग आला होता. एवढं एक काम त्यांच्याकडे आणि तेही होईना.

तारवाला शनिवारी येतो म्हणाला.

२२ मे, शुक्रवार (दुपारी सव्वाबारा)

घाईत लिहितेय म्हणून अक्षर असं.

सकाळी आठ नंबरला कळा सुरू झाल्या. साडेनऊपर्यंत नुसते दोन पाय बाहेर आणि तोंडाचा पत्ता नाही. नेट बंद. दहाला बंद. सव्वादहाला पाच मिनिटं आलं, मी डॉक्टरबाईंना फोन लावला, त्या दुसऱ्या कोणाशी बोलत होत्या, आणि परत बंद. गाय आडवी झाली. हे गाडीची किल्ली घेऊन वळणाकडे निघणार, तेवढ्यात, दहा पंचावन्नला, नेट आलं. अकराला डॉक्टरबाई स्वतःच पडद्यावर आल्या, नेहमीच्या वेळेला.

"डोकं मागे वळलंय," त्या म्हणाल्या. "ओढू नका! आधी पाय आत ढकला. कळ थांबेल तेव्हा. आता हात मानेवरून पुढे घ्या. काय लागतं?"

"कान," हे म्हणाले.

"आणखी पुढे. जबड्याचा कोपरा शोधा. त्यात दोन बोटं अडकवा आणि डोकं तुमच्याकडे फिरवा. सावकाश. घाई नाही."

घाई कशी नाही, माझा जीव टांगणीला. फोन दोन्ही हातांनी धरला होता आणि मनात एकच, आता जाऊ नकोस, आता जाऊ नकोस. अकरा चाळीसला वासरू बाहेर आलं. कालवड. श्वास घेईना, तर डॉक्टरबाईंनी नाकात गवताची काडी घालायला लावली. शिंकली.

बारा वाजून पाच मिनिटांनी नेट पुन्हा गेलं. म्हणजे बरोबर सत्तर मिनिटं टिकलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच. नशीब म्हणायचं.

सासूबाई मात्र वासरू बघायला आल्या नाहीत. खिडकीतून म्हणाल्या, "अगं, माथ्यावर मेंढ्या दिसल्या नाहीत गं दोन दिवस."

मी आता वर जाऊन तो प्लग स्वतः नीट बसवून येते. मामांना दोन शब्द सुनावायचेही आहेत.

२३ मे, शनिवार

काल दीडला पोचले. ह्यांनी मला अर्ध्यावर सोडून पुढे पाठवलं आणि गाडी लावून स्वतः मागून आले. मेंढ्या वाड्यात कोंडलेल्या, ओरडून घसा बसलेल्या. शिडी अंगणात आडवी.

मामा खोलीत जमिनीवर होते, भिंतीशी, उजव्या कुशीवर. डावा पाय भलत्याच बाजूला. उंबऱ्यापासून तिथपर्यंत मातीत घसटत गेल्याची रेघ. जवळ कोकराची दुधाची बाटली, रिकामी. हातात प्लग.

मी काय सुनावणार होते ते आठवेना.

"आलीस," म्हणाले. ओठ फुटले होते. "मेंढ्यांना पाणी घाल आधी."

मी आधी त्यांना पाजलं. चमच्याने, थोडं थोडं. ते तोंड फिरवून पुन्हा, "मेंढ्या." तेवढ्यात हे पोचले आणि मेंढ्यांकडे गेले. मी मामांच्या हातातून प्लग घेऊन लावला, दिवा हिरवा झाला, आणि त्यांच्याच खोलीतून, त्यांच्याच डब्यावरून रुग्णवाहिका बोलावली. ती अर्ध्यापर्यंत आली. पुढे सात घरांतल्या माणसांनी, दार काढून त्यावर झोपवून, हळूहळू उतरवलं.

खुब्याचं हाड मोडलं आहे. आज ऑपरेशन झालं.

नोंदवही समोर आहे. बुधवारी चार दहा ते शुक्रवारी दीड. पंचेचाळीस तास वीस मिनिटं. सगळं माझ्याच अक्षरात आहे, मिनिटासकट.

२४ मे, रविवार

तारवाला काल येऊन गेला. म्हणाला, जोड कुठेही सैल नाही. डिश स्वच्छ आहे, घरटं काढलेलं आहे.

मेंढ्या खाली आणल्या. आमच्या गाईंना पसंत नाही.

२६ मे, मंगळवार

दवाखान्यात गेले. मोठी खोली, सहा खाटा, मामांची खिडकीशी. अंगावर दवाखान्याचे कपडे, त्यात ते कोणीतरी दुसरेच वाटत होते. त्यांची पुतणी शहरातून आली आहे. तिच्याशी ओळख झाली. ती मामांना सारखं "काका, असं कसं केलंत" म्हणते आणि ते छताकडे बघतात.

ती डॉक्टरांशी बोलायला गेली तेव्हा मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"मामा, प्लग सरळ काढूनच का नाही ठेवला? चालू-बंद, चालू-बंद का?"

"नुसता काढून ठेवला असता तर तुम्ही म्हणाला असता बिघडलं. तारवाल्याची वाट बघत बसला असता." श्वास घेतला. "चालू-बंद होतंय म्हणजे कोणीतरी माणूस करतंय, असं कळेल वाटलं."

मी चादरीची कड नीट करत राहिले.

"झोप लागायची मध्येच," म्हणाले. "तेव्हा राहून जायचं."

"आणि शुक्रवारी? सत्तर मिनिटं चालू होतं."

माझ्याकडे पाहिलं, मला काहीच कसं कळत नाही असं. "शुक्रवारी अकराला तुझी डॉक्टरीण असते ना."

मी कालवडीचं सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. पाय, डोकं, कान, जबडा. ऐकताना त्यांनी एकदाच अडवलं. "काडी कुठल्या नाकपुडीत घातली?"

डाव्या, म्हटलं. मला आठवत नाही खरं तर.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी हातातली बादली खाली ठेवली. मग म्हणाले, "मी गुरुवारी वर जाऊ का म्हणालो होतो." साध्या सुरात म्हणाले, टोमणा नव्हता. पण मी आतल्या खोलीत गेले.

२ जून, मंगळवार

डॉक्टरबाईंची वेळ होती. बोलले. सगळं ठीक. घड्याळात अकरा वाजतात तेव्हा माथ्याकडे बघते. हे जाईल बहुतेक.

सातही घरांची बैठक झाली, आमच्या ओट्यावर. तारवाला म्हणतो, आता नवीन डबा येतो, स्वतःच बंद होऊन स्वतःच चालू होतो, माणूस लागत नाही. सगळ्यांना बरं वाटलं. मी म्हटलं, छप्पर मामांचं आहे, आधी त्यांना विचारू. कोणीतरी म्हणालं, मामा आता कुठले परत येतात? त्यावर सासूबाई, ज्या बैठकीत नव्हत्या, खिडकीतून म्हणाल्या, "विचारायचं म्हटलंय ना तिने? मग विचारा."

७ जून, रविवार

यादी घेऊन दवाखान्यात गेले. पुतणीने मामांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं आहे, निदान हाड जुळेपर्यंत. तिसऱ्या मजल्यावर, पण लिफ्ट आहे म्हणते. मामांनी हो किंवा नाही म्हटलेलं नाही.

छपराचं विचारलं. "राहू दे," म्हणाले. "दुसरा डबा बसवा. माझ्यानं आता शिडी होणार नाही." आणि पुतणीला सांगितलं, "ह्या लोकांकडून त्याचं काही घ्यायचं नाही."

मग मी माझा फोन काढला. आधीच ठरवलं होतं. ह्यांना मेंढ्यांच्या वाड्यात उभं केलं होतं. लावला, आणि पडदा मामांच्या समोर धरला. त्यांनी मान फिरवली. "मला नको ते."

"बघा तरी."

हे तिकडून म्हणाले, "मामा, सगळ्या बऱ्या आहेत. खातायत पोटभर." आणि फोन वाड्यावरून फिरवायला लागले. मामा तिरक्या नजरेने बघत होते. मग सरळ बघायला लागले. मग माझ्या हातातून फोन घेतला, दोन्ही हातांत धरला, कोकरू धरतात तसा.

बराच वेळ बघितलं. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थही उठून बघायला लागले. मला वाटलं, मामा आता काहीतरी बोलतील, मेंढ्यांची नावं घेतील. ते त्यांना नावाने हाका मारतात हे मला आता कळलं आहे.

"थांब," म्हणाले. "मागे घे. कुंपणाशी आहे ती, तपकिरी तोंडाची. तिला चालव."

ह्यांनी तिला चालवलं.

"पुन्हा."

पुन्हा चालवलं. मला काही दिसलं नाही. सगळ्या मेंढ्या सारख्याच चालतात.

"उजवा मागचा पाय टेकवत नाही पुरता," मामा म्हणाले. "खूर बघा उचलून. आजच. दोन आठवडे सांभाळता आणि एवढं दिसत नाही?"

ह्यांनी बघतो म्हटलं. मामांनी फोन माझ्या हातात दिला, डोळे मिटले, आणि झोपले. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदाच असे गाढ झोपले, असं पुतणी म्हणाली.

घरी येईपर्यंत ह्यांनी खूर पाहिला होता. दोन बोटांच्या फटीत कुंपणाच्या तारेचा तुकडा, नखाएवढा. आत पू झालेला. धुतलं, औषध लावलं, बांधलं. रात्रीच्या चाऱ्याआधी मी तिला वाड्यातून दोन फेऱ्या चालवलं आणि फोन धरून ते टिपून ठेवलं. उद्या सकाळी पुतणीच्या फोनवर पाठवते, मामा उठले की दाखव म्हणून.